साहेब ‘भावनिक’ असावेत का?

कारखान्यातल्या सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाचं साहित्य मराठीत करतेय. ‘इमोशनल इंटेलिजन्स’ला ‘भावनिक बुद्धिमत्ता’ लिहिलं. ते वाचून लाइनवरचे एक काका म्हणाले, “म्हणजे साहेबांना लगेच भरून येतं, ते का?” दुसरा शब्द सुचवाल?

— काकांचं काही चुकलेलं नाही. मराठीत ‘भावनिक होणे’ म्हणजे गहिवरणे, वाहवत जाणे. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये कल्पना मांडली ती जवळजवळ उलटी: आपल्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक जाणायचा आणि ते ध्यानात ठेवून वागायचं. पुढे लेखक डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकाने ती ऑफिसांत पोचवली. ‘ईक्यू’साठी (इमोशनल क्वोशंट, म्हणजे या बुद्धिमत्तेचं माप) ‘भावनांक’ मात्र बिनघोर वापरा, संधी चोख आहे. (अवांतर: सर्रास चालणारा ‘बुद्ध्यांक’ व्याकरणाने ‘बुद्ध्यंक’ हवा!)

— ‘कलाने घेणे’ आहे की आपलं!

— आहे, पण त्यात समोरच्याचाच कल येतो. साहेबाचा स्वतःचा पारा चढला तर? तिथे ‘तोल’ हवा. आणि माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द ‘तारतम्य’. त्याच्या पोटात ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय आहेत, लघुतर-लघुतम मधले. म्हणजे कमी-जास्तीची पारख. चूक दाखवायचीच आहे, पण किती, कुठल्या शब्दांत, चारचौघांत की केबिनमध्ये, हे ज्याला कळतं त्याला तारतम्य आहे असं आपण म्हणतोच. ‘सांभाळून घेणे’ मात्र टाळा. रोज उशिरा येणाऱ्याला ‘सांभाळून घ्या’ म्हणजे काणाडोळा करा.

— ‘सामाजिक बुद्धिमत्ता’? मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्येच वापरलेली संज्ञा आहे.

— मराठीत ऐकताना समाजकार्य वाटतं. ‘माणसं ओळखणं, माणसं धरून ठेवणं’ लिहा, शिफ्टमधल्या कुणालाही कळेल. ‘एम्पथी’साठी ‘सहानुभूती’ नको, त्यात वरून खाली बघितल्यासारखी दया आली आहे. ‘समानुभूती’ अचूक, पण बोलताना कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

आभार. शीर्षकात ‘भावनिक बुद्धिमत्ता’च ठेवते, एचआरला तोच शब्द लागतो. खाली मात्र ‘तोल आणि तारतम्य’. ‘समानुभूती’च्या जागी ‘दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं’ लिहिते. तक्त्यातला रकाना थोडा रुंद करावा लागेल, एवढंच.