मदत हवी आहे: ट्रायक्लोसॅन मोजताना ब्लँकच पिवळा होतो

नमस्कार मंडळी, जळगावात एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. टूथपेस्ट आणि हँडवॉशमधलं ट्रायक्लोसॅन (जंतुनाशक फिनॉल) कलरीमीटरवर, म्हणजे रंग किती गडद येतो त्यावरून, मोजायचंय. त्यात डायझो केलेलं (डायझोनियम क्षार बनवलेलं) सल्फानिलिक ॲसिड घालायचं, मग सोडा घालायचा. नारिंगी रंग मस्त येतो. पण डायझोचं द्रावण ० ते ५ अंशांत ठेवावं लागतं आणि आमच्याकडे मे महिन्यात बर्फाचं बघता बघता पाणी होतं. डायझोनियम फुटून त्याचाच फिनॉल बनतो, तोही रंग देतो, मग नुसता ब्लँकच (ट्रायक्लोसॅन न घातलेलं द्रावण) पिवळा! (पुणेकरांना हे दुखणं कळायचं नाही.)

फिनॉलला रंग आणायची दुसरी पद्धत म्हणजे ४-अमिनोअँटिपायरिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, पीएच १० च्या आसपास; हे साध्या तापमानाला चालतं. त्यासाठी लागणारी पॅरा जागा (कड्यावर OH च्या बरोबर समोरची) ट्रायक्लोसॅनमध्ये मोकळी आहे, म्हणजे जमायला हवं. कुणी केलंय का?

पेस्ट इथेनॉलमध्ये ढवळून गाळली तरी गढूळच राहते. सेंट्रिफ्यूज बंद पडलंय, दुसरा काही उपाय?