मदत हवी आहे: केस हार्डनिंग वाढवल्यापासून पिना तुटतायत, खोली किती ठेवावी?

नमस्कार मंडळी,

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. टॉवेल-चादरीच्या यंत्रमागांचे सुटे भाग करतो. सध्या अडलंय ते पिकिंग बाउलच्या (धोटा फेकणाऱ्या यंत्रणेतल्या फिरत्या रोलरच्या) पिनेवर. धोटा फेकताना नोज (ठोका देणारं पुढे आलेलं टोक) बाउलवर आदळतं आणि तो ठोका ही १२ मिमीची पिन खाते. मागाचा वेग मिनिटाला १२० पिक (धोट्याच्या फेका) धरला तर एका बाजूच्या पिनेला मिनिटाला ६० ठोके, आठ तासांच्या पाळीत २८,८००.

पूर्वी साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) पिन असायची, केस म्हणजे वरचा कडक थर अर्धा मिमी. ती तुटायची नाही, पण बाउल फिरतो तिथे खड्डा पडायचा. पिन जास्त दिवस टिकावी अशी कारखानदारांची मागणी आली, म्हणून मटेरियल ईएन ३५३ (केस हार्डनिंगचं मिश्र पोलाद) घेतलं आणि केस दीड मिमी करून घेतली. आता झीज जवळपास नाहीच, हार्डनेस ६१-६२ एचआरसी (रॉकवेल सी). पण पिना कॉलरपाशी (पिनेवरच्या जाड कड्यापाशी) कटकन तुटतात. वाकत नाहीत, आधी काही इशाराही देत नाहीत. चालू मागावरून तुकडा उडून एखाद्या जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) डोळ्याला लागला तर, ही धास्ती मला पैशांपेक्षा जास्त आहे.

हीट ट्रीटमेंटवाल्यांचा रिपोर्ट बरोबर आहे, जे मागितलं तेच दिलंय. मग केस जाड केल्याने ताकद वाढते की घटते? की सरळ ईएन २४ (आरपार कडक होणारं मिश्र पोलाद) घेऊन आरपार हार्ड करू?

प्रतिसाद १

दादा, ताकद आणि चिवटपणा वेगवेगळे धरा, म्हणजे गुंता सुटेल.

कार्ब्युरायझिंग, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवणं, ९००-९३० अंशाला होतं आणि पृष्ठभागावर कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास जातो. आत मूळचा ०.२ टक्क्याच्या आतलाच राहतो. तेलात टाकल्यावर कमी कार्बनचा गाभा आधी, साधारण ४०० अंशाखाली, मार्टेन्साइट (पोलादाची कडक रचना) व्हायला लागतो. केस बरीच नंतर, २०० च्याही खाली. ती फुगायला बघते तेव्हा गाभा आधीच घट्ट झालेला असतो, म्हणून केस दाबाखाली राहते. हा दाब चीर उघडू देत नाही. वारंवारच्या ठोक्यांनी येणारा थकवा केस हार्ड केलेला भाग जास्त सोसतो तो यामुळे.

पण अचानक बसणाऱ्या धक्क्याला केस ठिसूळच. तिथे पिन तगते ती गाभ्याच्या जिवावर. तुमचा हिशोब बघा: १२ मिमीच्या पिनेत दोन्हीकडून दीड-दीड मिमी गेले, गाभा उरला ९ मिमी. क्षेत्रफळात ५६ टक्के. केस ०.६ ठेवली असती तर गाभा १०.८ मिमी, म्हणजे ८१ टक्के. शिवाय केस जाड झाली की तिला दाबून धरणारा गाभा कमी पडतो आणि तो उपयोगी दाबही घटतो.

जुन्या पिनेचं दुखणं उलटं होतं. एमएसचा गाभा पाणी दिल्यावरही फारसा कडक होत नाही. मुरूम नीट न ठोकता वर शहाबादी फरशी टाकली तर ती खचणारच. ईएन ३५३ ने ते दुखणं गेलं. मटेरियल बदलणं योग्यच होतं, खोली वाढवायची गरज नव्हती.

ईएन २४ आरपार ६० पर्यंत नेऊ नका. तेवढा कार्बनच त्यात नाही, आणि ५०-५५ ला ठेवलं तरी चिवट गाभा हातचा जाईल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पण तुटतेय कॉलरपाशी, तर आधी तो कोपरा बघा. हत्याराचं टोक अणकुचीदार असेल तर तिथे काटकोनच राहतो. निदान १ मिमी रेडियस द्या. आणि कॉलरच्या बाहेरच्या कडेत केस दोन्ही बाजूंनी शिरते, त्यामुळे कॉलरची धार आरपार कडक होऊन बसते.

हार्डनिंगनंतर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं) झालंय का, तेही विचारा. १६०-१८० अंशाला दोन तास हवंच. आटे असतील तर त्यांना कार्ब्युरायझिंगआधी तांब्याचा मुलामा किंवा कार्बन अडवणारी पेस्ट लावायला सांगा, ते मऊच राहायला हवेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्टवर टेम्परिंगचा उल्लेखच नाही, उद्या जाऊन विचारतो. खोली ०.६ ते ०.८ सांगतो आणि रेडियसचं हत्यार घासून घेतो. आमच्याकडे मायक्रोस्कोप नाही. केस खरंच किती आली हे शॉपवरच कळेल का?

प्रतिसाद १

कळेल. प्रत्येक लॉटला एक जादा पिन टाका. ती आडवी कापा, कापताना पाणी भरपूर सोडा, तापू देऊ नका. तोंड बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि स्पिरिटमध्ये ३-४ टक्के नायट्रिक अॅसिड घालून त्याने पुसा. अॅसिड स्पिरिटमध्ये थोडं थोडं घालायचं, हातमोजे-चष्मा लावून, आणि उरलेलं बंद बाटलीत साठवायचं नाही. केसची कडी गाभ्यापासून वेगळ्या छटेत दिसेल, व्हर्नियर लावून मोजा. ही मोजणी कामचलाऊ आहे, पण ०.७ आणि दीड मिमीतला फरक डोळ्यांनाच दिसेल. तुटलेल्या पिनेपासूनच सुरुवात करा.