आत्याचं स्टिकर

आत्या: फोनच्या पाठीला लावायचं स्टिकर मिळतंय. ९९ टक्के रेडिएशन अडवतं म्हणे. सगळ्यांसाठी मागवतेय, किती हवेत सांगा. काल वन्संशी तासभर बोलले तर कान नुसता भाजून निघाला.

दादा: आत्या, मागवू नकोस गं. ९९ टक्के लहरी अडल्या तर वन्संना तुझा आवाज पोचणार कसा? तो त्याच लहरींवरून जातो. आणि थोड्याफार अडल्या तर टॉवर गाठायला फोन उलट जास्त जोर लावतो.

काका: मग कान का तापतो?

दादा: बॅटरी आणि प्रोसेसर तापतात, वर काच तासभर कानाला दाबलेली, वाऱ्याला जागाच नाही. अँटेनातून बाहेर पडते ती शक्ती ४जीवर जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास.

वहिनी: मी *#०७# दाबून बघितलं. माझ्या फोनचा डोक्याजवळचा एसएआर, म्हणजे शरीर किती रेडिएशन शोषतं तो आकडा, १.१९, तुझ्याचा ०.९८. चांगला फोन स्वतःला ठेवलास!

दादा: 😄 अगं, तो परीक्षेतला आकडा. डोक्याच्या आकाराच्या पोकळ साच्यात मेंदूसारखं द्रव भरतात, बाहेरून फोन टेकवून पूर्ण जोरात चालवतात आणि द्रवात प्रोब फिरवून प्रतिकिलो किती वॉट शोषले गेले ते मोजतात. रोजच्या वापरात फोन सहसा इतक्या जोरात चालतच नाही. तुला भरपूर रेंज असेल आणि मी तळघरात उभा असेन, तर माझ्या डोक्यात तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाईल.

काका: या एसएआरची अमेरिकेत मर्यादा १.६ आणि युरोपात २. म्हणजे युरोप ढिला?

दादा: हो, आणि आकड्यांवरून वाटतं त्याहून जास्त. अमेरिका १ ग्रॅम ऊतीची सरासरी धरते, युरोप १० ग्रॅमची. तुकडा मोठा घेतला की एका जागचा चढा आकडा सरासरीत विरतो. तरी दोन्हीकडे भरपूर सोडून रेघ मारलीय. प्राण्यांमध्ये अख्ख्या शरीराला साधारण ४ वॉट प्रतिकिलोला परिणाम दिसायला लागला, सामान्य माणसासाठी त्याचा पन्नासावा भाग धरला, ०.०८. ही अख्ख्या शरीराची सरासरी हं; १.६ आणि २ या एकाच जागच्या छोट्या तुकड्याच्या मर्यादा.

मामी: पण कॅन्सरच्या यादीत नाव आहे ना?

दादा: आहे मामी. २०११ मध्ये आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, या लहरींना २बी गटात टाकलं, म्हणजे 'कॅन्सरची शक्यता असू शकते'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. नंतर २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले, मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही.

मामी: म्हणजे चालेल ना, कितीही बोललं तरी?

दादा: खूप वेळ बोलायचं असेल तर इयरफोन लावा, फोन डोक्यापासून वीतभर लांब गेला तरी खूप फरक पडतो. आणि रेंजची एकच दांडी दिसत असेल तर खिडकीशी या.

आत्या: अरे, पण एक स्टिकर आधीच आलंय. परवाच लावलं.

काका: मग?

आत्या: तरीच वन्सं काल सारखं म्हणत होत्या, तुझा आवाज तुटतोय म्हणून!