दाढ काढल्यावर काय खाल्लंत?

काल लेकाची अक्कलदाढ काढली. आज त्याचा वरणभात मिक्सरमधून फिरवताना माझी दाढ आठवली. ऐन वसुबारसेला काढलेली! घरभर भाजणीचा वास आणि माझ्या पुढ्यात गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. तोही आजी पंख्याखाली गार करून द्यायची. चौथ्या दिवशी न राहवून एक चकली दह्यात तासभर भिजवली आणि लगदा करून खाल्ली. तरी एक काटा टोचलाच. तुमचंही सांगा, हा पोरगा भातावर टिकणारा नाही.

सोलकढी
आइस्क्रीम!! आईने आपणहून फॅमिली पॅक आणल्याची आयुष्यातली एकमेव वेळ. साधं व्हॅनिला घ्या, काजू-बदामवालं नको.

चिंगी
नाचणीची आंबील, ताक घालून, गार. आणि स्ट्रॉ अजिबात नको हं. मी पहिल्याच संध्याकाळी स्ट्रॉने शहाळं प्यायले. ओढण्याने जखमेवरची रक्ताची गुठळी निघाली असणार. तिसऱ्या दिवशी जी कळ सुरू झाली ती पार कानापर्यंत. ड्राय सॉकेट म्हणे. परत जाऊन खड्डा धुवून त्यात लवंगतेलाची औषधी पट्टी भरली तेव्हा कुठे झोप लागली. बाळंतपण बरं. कुकर झाला, येते.

घाटावरचा
बाळंतपण बरं?? :-D
बधिरपणा उतरायच्या आत जेवायला बसू नका. मी बसलो. भात समजून गाल चावत होतो, आरशात रक्त दिसेपर्यंत पत्ता नाही.

सोलकढी
@घाटावरचा मांसाहार झाला की मग :))

परदेशी_पाहुणी
इकडे न्यू जर्सीत मॅश्ड पोटॅटो, ॲपलसॉस, पुडिंग अशी छापील यादी हातात दिली. दुसऱ्या दिवशीच तोंडाची चव गेली. मग ताकातली उकड केली, मिरची न घालता. पहिल्या घासाला रडू आलं, दुखत होतं म्हणून नाही.

आजोबा६८
आइस्क्रीम काय सांगता, आम्ही साखरवाले. दहीभात आणि मुगाचं कढण. शिवाय माझी रक्त पातळ करायची गोळी चालू. ती आपल्या मनाने बंद करायची नसते, दाढ काढायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं.

जाई
मेतकूट कुणी घरी करतं का अजून? प्रमाण द्या ना.

निवांत
चतुर्थी म्हणून भगर खाल्ली आणि दाणे थेट खड्ड्यात. नवरा टूथपिक घेऊन धावला, त्याला आधी हाकलला. कोमट मिठाचं पाणी नुसतं घोळवून सोडून दिलं, दोनतीनदा. पण हे दुसऱ्या दिवसापासून, पहिल्या दिवशी चूळ नाही की थुंकणं नाही. तीळ, खसखस, राजगिरा, सगळे त्याच माळेचे मणी.

चिंगी
आले. @जाई मी करते. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू वेगवेगळे खमंग भाजायचे. धणे, जिरं, मेथी, सुंठ, हळद, हिंग. मेथी मोजून, नाहीतर कडू.

जाई
थोडे म्हणजे किती??

धागाकर्ती
आंबील केली. लेकाने वास घेतला आणि विचारलं, मोमो चालतील का.

घाटावरचा
वरचं पीठ त्याला, आतलं सारण तुम्हाला.

जाई
गहू किती ते राहिलं.