चालत चालत गणपती काढायचाय, सोंडेपाशी अडलोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवाच्या आधीच्या रविवारी पहाटे आम्ही सात-आठ जण पुण्यातल्या पेठांमधून असं चालणार आहोत, की स्ट्राव्हाच्या (चाललेली वाट जीपीएसने नोंदवून रेघेनं दाखवणारं अ‍ॅप) नकाशावर बाप्पा उमटावा. मुकुटाचं टोक शनिवारवाड्याशी, दोन बाजूंना बाजीराव आणि शिवाजी रस्ता, खाली आडवा लक्ष्मी रस्ता. इथपर्यंत झकास.

घोडं अडलंय सोंडेपाशी. पेठांतले बोळ काटकोनात वळतात, त्यामुळे सोंडेचा जिना होतो! लक्ष्मी रस्ता ते टिळक रस्ता या पट्ट्यात छान वळण घेणारी गल्ली कुणाला माहीत आहे का?

दुसरं, अरुंद बोळात जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेघ भरकटते. रंगीत तालमीत बाप्पाचा डावा डोळा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेला. फोनपेक्षा घड्याळाने फरक पडतो का?

रेकॉर्डिंग थांबवून पुढे जाऊन परत सुरू केलं की मधे सरळ रेघ पडते, हे ठाऊक आहे. सुळ्यासाठी ती युक्ती वापरू का? आमच्यातले दोघे म्हणतात, ही लबाडी. मला तसं वाटत नाही, पण बाप्पाचं काम आहे, म्हणून विचारतोय.