१२ मिमी प्लायचे दोन थर जोडून वर्कबेंचचा टॉप करायचा आहे, सल्ला हवा

हौशी_ठाणे: फर्निचरच्या कामातून उरलेले १२ मिमी प्लायचे चार तुकडे माझ्याकडे आहेत, दोन ३ फूट बाय २ फुटांचे आणि दोन २ बाय २ चे. त्यांचे दोन थर एकमेकांवर घट्ट बसवून ५ बाय २ चा टॉप करावा, असा विचार आहे. घर भाड्याचे आहे आणि खर्च दीड हजारांच्या आत ठेवायचा आहे. थर सुटणार नाहीत असा जोड कसा द्यावा?

सागवानप्रेमी: तुकडे जोडत बसण्यापेक्षा सागवानाच्या दीड इंची फळ्या घ्याव्यात. माझ्या बेंचला त्याच आहेत आणि पाहुणे अजूनही हात फिरवून किंमत विचारतात.

रंधा: दीड हजारात सागवान कुठे मिळते, तेही सांगावे. हौशी, वरच्या थरात डावीकडे ३ फुटी आणि उजवीकडे २ फुटी तुकडा ठेवा, खालच्या थरात उलट करा. म्हणजे दोन्ही सांध्यांत एक फुटाचे अंतर राहील. पृष्ठभाग खरवडून पांढऱ्या फेविकॉलचा पातळ, सलग थर द्या आणि खालून २० मिमीचे स्क्रू मारा. मात्र खालच्या थरातले भोक स्क्रू सहज सरकेल इतके मोठे हवे, कारण आटे दोन्ही थरांत रुतले तर मधली फट तशीच राहते.

कोकणकर: पावसाळ्यात पांढरा गोंद लवकर वाळत नाही. सनमायकासाठी वापरतात ते रबरी सोल्यूशन लावा, लगेच पकडते.

रंधा: लगेच पकडते हीच अडचण आहे, एकदा टेकले की तुकडा सरकवून नीट बसवता येत नाही. शिवाय ते वाळल्यावरही लवचीक राहते, त्यामुळे सततच्या भाराखाली थर हळूहळू सरकू शकतात.

निवृत्त_अभियंता: मुळात प्लाय ७१० चा आहे का? मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचे ते भारतीय मानक आहे. मी दुसरा प्लाय घरात येऊ देत नाही.

कोकणकर: ७१० चा शिक्का तर आजकाल कशावरही असतो.

सुतारकाम_शिकाऊ: कोणी सांगितलेले दिसत नाही म्हणून लिहितो, वरचा आणि खालचा सांधा एकाच रेषेत येऊ देऊ नये.

हौशी_ठाणे: सर्वांचे आभार. सांधे रंधा यांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवतो, पण गोंद लावणार नाही. घर बदलताना ५ फुटांचा अखंड टॉप आमच्या जिन्याच्या वळणावरून उतरणार नाही, म्हणून केवळ स्क्रूंवर भागवतो.

रंधा: न चिकटवलेल्या दोन थरांचा ताठपणा चिकटवलेल्या थरांच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतका असतो. स्क्रूंनी त्यात थोडी भर पडेल, इतकेच. ठोकाठोकी केली की टॉप थरथरेल.

हौशी_ठाणे: मान्य आहे. त्यासाठी खालच्या चौकटीत दर फुटावर आडवी पट्टी देतो, दोन पट्ट्या सांध्यांखालीच येतील. उरलेल्या पैशांत वाइस (लाकूड घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा) घेतो.