परदेशात अनोळखी माणसांचे फोटो कसे काढता?

मुग्धा_दादर:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात दहा दिवस ओसाका आणि क्योतोला चालले आहे. एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती विचारते.

दर रविवारी पहाटे मी दादरच्या फूलबाजारात असते, केशवसुत पुलाखाली. "मावशी, शेवंती कशी दिली?" म्हणायचं, पाव किलो घ्यायची, पावसापाण्याचं बोलायचं आणि मग कॅमेरा वर करायचा. आता त्याच हाक मारतात, "काय गं, आज फोटो नाही?"

मागच्या वर्षी बुडापेस्टच्या एका मंडईत एक आजी लसणाच्या माळा विणत होत्या. अंगठ्याने देठ दाबायचा, दोरा फिरवायचा, ओढायचा. बोटं अगदी आमच्या गजरेवाल्या मावशींसारखी! मी न विचारता दोन फोटो काढले. आजींनी वर पाहिलं, माळ खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिथल्या तिथे फोटो पुसले, स्क्रीन दाखवली, तरी हात खाली आले नाहीत. मला फार लागलं ते.

जपानी येत नाही. शेवंतीचा भाव विचारून ओळख काढायची सोय नाही. लांबून मोठ्या लेन्सने टिपणं मला पटत नाही. तुम्ही काय करता?

कुर्ल्याचा_वकील:
मुग्धाताई, त्या आजी कायद्यानेही बरोबर होत्या. हंगेरीत मार्च २०१४ पासून लागू झालेल्या नागरी संहितेप्रमाणे फोटो काढायलाच संमती लागते, छापणं पुढची गोष्ट. गर्दीचा फोटो असेल तर सूट आहे. जर्मनीत १९०७ चा कायदा प्रसिद्ध करण्यावर बंधन घालतो. जपानमध्ये हा हक्क न्यायालयांनी घडवला. १९६९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल क्योतोतल्याच एका मोर्चाचा आहे, पोलिसांनी फोटो काढले होते. त्या वेळचं पोलिसांचं वागणं न्यायालयाने योग्य ठरवलं, पण संमतीशिवाय आपला चेहरा टिपला जाऊ नये हे स्वातंत्र्यही मान्य केलं. रस्त्यावर फोटो काढायला तिथे सरसकट बंदी नाही. ओळखू येणारा चेहरा ऑनलाइन टाकताना मात्र जपा.

ओसाकाची_सून:
मी इथे नऊ वर्षं आहे. एक वाक्य पाठ करून या: "शाशिन तोत्तेमो ई देस का?" म्हणजे फोटो काढला तर चालेल का. उच्चार चुकला तरी माणसं खूश होतात. "नाही" कसं म्हणतात ते आधी शिकून घ्या, कारण तोंडाने कोणी म्हणत नाही. चेहऱ्यासमोर पंजा पंख्यासारखा हलवला की नाही. आपल्याला वाटतं टाटा करतायत! हातांची फुली केली तर अगदीच नाही. ट्रेनमध्ये कॅमेरा बाहेर काढूच नका. इथे विकलेल्या बहुतेक मोबाइलचा शटरचा आवाज बंदच करता येत नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांमुळे. तुमच्या कॅमेऱ्याचाही आवाज चालू ठेवा. क्योतोत गिओन या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. तिथल्या गेइशांच्या, म्हणजे पारंपरिक नाच-गाणं करणाऱ्या कलावंतांच्या, मागे फोटोसाठी धावणाऱ्यांनी ही वेळ आणली. त्यापेक्षा ओसाकाच्या तेंजिनबाशीसुजीला या, अडीच किलोमीटरहून लांब छप्पर असलेला बाजार आहे. तुम्हाला दादरच वाटेल.

गिरगावकर_काका:
मुग्धा, दहा दिवसांत दहा ठिकाणं करू नकोस. एकच दुकान धर. पहिल्या दिवशी काहीतरी विकत घे, कॅमेरा गळ्यात दिसू दे, फोटो काढू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. इस्तंबूलला एका सिमितवाल्याकडे (सिमित म्हणजे तीळ लावलेला गोल कड्यासारखा पाव) मी चार दिवस गेलो, चौथ्या दिवशी तोच टोपी नीट करून उभा राहिला. जवळ छोटा इन्स्टॅक्स, म्हणजे लगेच प्रिंट देणारा कॅमेरा, ठेव, एक प्रिंट त्यांच्या हातात द्यायची. भाषा नाही म्हणतेस, पण शेवंती घेतेस तेव्हा तरी भावाबद्दल कुठे बोलत असतेस?

मुग्धा_दादर:
काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. तेंजिनबाशीला रोज सकाळी जाईन, पहिला दिवस नुसता खरेदीचा. ओसाकाच्या ताई, ते वाक्य कपाटाच्या दाराला चिकटवलंय. आणि या रविवारी मावशींसाठी आधी प्रिंट काढून नेते. तीन वर्षांत एकही दिलेली नाही.